मोरावळा, पेरूची जेली, लोणचे: साखर-मीठ कमी करण्याआधी हे वाचा

कार्तिक महिना लागला की आवळ्याची झाडे लगडतात. ज्यांच्या अंगणात किंवा शेताच्या बांधावर झाड आहे त्यांच्याकडे एकाच वेळी पिशव्या भरून आवळे जमतात. पाठोपाठ पेरू येतात, लिंबे स्वस्त होतात, सीताफळे एकदम पिकायला लागतात. शेजारीपाजारी वाटून झाले तरी फळे उरतातच. मग मोरावळा, पेरूची जेली, लिंबाचे लोणचे यांचा घाट घातला जातो.

याच दिवसांत दवाखान्यात दोन प्रकारचे प्रश्न येतात. पहिला असा: "डॉक्टर, यांना मधुमेह आहे म्हणून मोरावळ्यात साखर निम्मीच घातली, तर महिन्याभरात बुरशी आली. असं का झालं?" दुसरा याच्या उलट असतो. रक्तातील साखर वाढलेली असते, गोळ्या तर वेळेवर चालू असतात. खाण्यात काय बदलले असे विचारले की उत्तर येते, "काहीच नाही. फक्त रोज सकाळी एक मोरावळा. तो तर औषधीच असतो ना?"

दोन्ही घरांचा हेतू चांगलाच असतो. पण साखर आणि मीठ हे पदार्थ बरणीत नक्की काय काम करतात, याची माहिती कमी पडते. ती असेल तर उरलेल्या फळांचे काय करायचे आणि घरातील कोणी किती खायचे, हे तुम्ही स्वतः ठरवू शकाल.

साखर आणि मीठ फक्त चवीसाठी नसते

फळ नासवणारे जिवाणू, यीस्ट आणि बुरशी यांना वाढण्यासाठी पाणी लागते. पाण्यात भरपूर साखर किंवा मीठ विरघळवले की ते पाणी जणू बांधले जाते आणि जंतूंना वापरता येत नाही. फळात पाणी असते, पण जंतूंच्या उपयोगाचे उरत नाही. मोरावळा किंवा जॅम टिकतो तो यामुळे.

मात्र त्यासाठी साखर पुरेशी लागते. तयार पदार्थाच्या वजनात साधारण ६५ टक्के किंवा त्याहून थोडा जास्त भाग साखरेचा असेल, तर तो नीट बंद बरणीत बाहेर टिकतो. साखर ३५-४० टक्के असेल तर तो गोड पाणी झालेला पदार्थ असतो. त्यात यीस्ट आणि बुरशी आनंदाने वाढतात. म्हणून साखर निम्मी केली की मोरावळा निम्मे दिवस टिकेल, असा हिशेब चालत नाही. तो टिकाऊ पदार्थच राहत नाही, ताज्या भाजीसारखा नाशवंत होतो.

दुसरा रखवालदार म्हणजे आंबटपणा. पीएच ४.६ पेक्षा कमी, म्हणजे पदार्थ पुरेसा आंबट असेल, तर बोटुलिझम हा अत्यंत गंभीर विषबाधेचा आजार करणारा जिवाणू त्यात वाढू शकत नाही. या जिवाणूचे बीजाणू साध्या उकळण्याने मरत नाहीत आणि त्याला हवा नसलेली, घट्ट बंद जागा आवडते. त्यामुळे आंबट नसलेले फळ किंवा भाजी घरी शिजवून बाटलीत बंद करून कपाटात ठेवणे धोक्याचे असते. आवळा आणि लिंबू मुळातच खूप आंबट असल्याने आपल्या आजीपणजींनी नेमकी हीच फळे बरणीसाठी निवडली, हे योग्यच होते.

कोणत्या फळाचे काय करावे?

आवळा: खूप आंबट आणि तुरट. मोरावळा, लोणचे, वाळवलेली आवळा सुपारी, किंवा बिनसाखरेचे तुकडे करून फ्रीझरमध्ये.

लिंबू: खूप आंबट. लोणचे, किंवा रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवणे.

पेरू: मध्यम आंबट. त्यात पेक्टिन हा घट्टपणा आणणारा पदार्थ भरपूर असल्याने जेली उत्तम होते. पिकलेल्या पेरूत आंबटपणा कमी असतो, म्हणून लिंबाचा रस घालणे आवश्यक असते.

सीताफळ, पपई, केळे: यांत आंबटपणा कमी. घरी बाटलीबंद करून बाहेर ठेवू नका. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो, त्यामुळे शिजवण्यातही अर्थ नाही. बिया काढून गर लहान डब्यांत भरा आणि थेट फ्रीझरमध्ये ठेवा.

कमरख, म्हणजे आडवे कापल्यावर ताऱ्यासारखे दिसणारे स्टारफ्रूट: याचेही लोणचे आणि मुरंबा करतात. पण घरात कोणाला मूत्रपिंडाचा आजार असेल तर या फळाबद्दल पुढे दिलेली सूचना नक्की वाचा.

मोरावळा: पद्धत आणि त्यामागचे कारण

एक किलो आवळ्याच्या फोडींना दीड किलो साखर, हे प्रमाण ठेवा. यात कमी-जास्त करू नका. कमी खायचे असेल तर ताटात कमी घ्यायचे, बरणीत नाही.

१. डाग नसलेले, टणक, पूर्ण वाढलेले आवळे घ्या. किडलेला किंवा बुरशी लागलेला भाग कापून बाकीचा वापरणे टाळा. आवळे स्वच्छ धुऊन पुसा.

२. चाळणीवर ठेवून ८ ते १० मिनिटे वाफवा. फोडी सहज सुटल्या पाहिजेत, पण लगदा होऊ नये. बी काढून फोडींचे वजन करा आणि त्यानुसार साखर मोजा.

काही घरांत तुरटपणा कमी करण्यासाठी आवळे तुरटीच्या पाण्यात भिजवतात. वाफवलेल्या फोडींना त्याची गरज नसते. तुरटीत ॲल्युमिनियम असते आणि मूत्रपिंड नीट काम करत नसेल, विशेषतः डायलिसिस चालू असेल, तर ते शरीरात साठू शकते. अशा घरांत तुरटी वापरू नका.

३. स्टीलच्या पातेल्यात फोडी आणि साखर कालवून झाकून रात्रभर ठेवा. साखर फोडींतील पाणी ओढून घेईल आणि सकाळी पातेल्यात पातळ पाक झालेला दिसेल.

४. दुसऱ्या दिवशी मंद आचेवर थोडा वेळ शिजवा आणि पुन्हा झाकून ठेवा. तिसऱ्या दिवशी पाक दाट होईपर्यंत आटवा. ही घाई न करण्याची पद्धत महत्त्वाची आहे. फोडी एकदम दाट पाकात टाकल्या तर त्यांतील पाणी झपाट्याने बाहेर येते, त्या आक्रसून चिवट होतात आणि आतपर्यंत साखर पोहोचत नाही. बाहेर दाट पाक आणि आत पाणीदार फोड अशी स्थिती राहिली तर काही दिवसांनी पाक पुन्हा पातळ होतो आणि आंबू लागतो. "मुरणे" म्हणतात ते हेच: आतली आणि बाहेरची साखर सारखी होणे.

५. झाले की नाही हे कसे ओळखायचे? सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे वजनकाटा. रिकाम्या पातेल्याचे वजन आधी लिहून ठेवा. तयार मोरावळ्याचे वजन घातलेल्या साखरेच्या दीडपटीपेक्षा जास्त नसावे. दीड किलो साखर घातली असेल तर तयार मोरावळा सव्वादोन किलोच्या आत हवा. जास्त भरला तर आणखी आटवा.

घरी स्वयंपाकाचे थर्मामीटर असेल तर पाकाचे तापमान पाणी उकळते त्यापेक्षा ४ ते ५ अंश सेल्सिअसने जास्त हवे. मुंबई किंवा रत्नागिरीत हे साधारण १०४ ते १०५ अंश येते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, म्हणून तिथे १०२-१०३ अंश पुरे. पुस्तकातला १०५ हा आकडा पाहून पुण्यात आटवत बसलात तर मोरावळा कडक होईल.

६. वेलदोडा, केशर शेवटी घाला. गरम असतानाच गरम, कोरड्या बरणीत भरा.

पेरूची जेली थोडक्यात

जेलीसाठी अगदी पिवळे पेरू नकोत. थोडे कच्चट आणि काही पिकलेले असे मिसळून घ्या, कारण कच्चट पेरूत पेक्टिन आणि आंबटपणा जास्त असतो. पातळ चकत्या करा, बुडतील इतकेच पाणी घालून अर्धा तास शिजवा. मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवा. फडके पिळू नका, पिळले की जेली गढूळ होते.

मिळालेला रस मोजा. प्रत्येक वाटी रसाला पाऊण ते एक वाटी साखर आणि एका लिंबाचा रस, असे घेऊन मोठ्या आचेवर उकळा. लिंबाचा रस चवीपुरता नाही: आंबटपणाशिवाय पेक्टिन जमत नाही आणि टिकाऊपणाही येत नाही. झाऱ्यावरून थेंब वेगवेगळे न पडता एकत्र येऊन पापुद्र्यासारखे सुटू लागले की गॅस बंद करा.

भांडी आणि बरण्या

आंबट पदार्थासाठी तांब्याचे, कल्हई नसलेले पितळेचे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नका. आम्लामुळे धातू पदार्थात उतरतो. तांबे जास्त उतरले तर मळमळ, उलट्या, पोटात कळ असा त्रास होतो. शिवाय तांबे क जीवनसत्त्वाचा नाशही वेगाने करते. स्टीलचे जाड बुडाचे पातेले सर्वांत चांगले.

साठवण्यासाठी काचेची बरणी घ्या. चिनी मातीची जुनी बरणी सुंदर दिसते, पण तिच्या आतल्या चकाकीला तडे गेले असतील किंवा ती मुळात खाद्यपदार्थांसाठी बनवलेली नसेल तर आंबट पदार्थ तिच्यात ठेवू नका. काही जुन्या झिलईत शिसे असते आणि ते आम्लात उतरू शकते. लहान मुले आणि गर्भवती यांच्यासाठी शिसे विशेष हानिकारक आहे.

काचेच्या बरण्या धुऊन, पाण्यात पूर्ण बुडवून १० ते १२ मिनिटे उकळा. सांडशीने काढून स्वच्छ फडक्यावर उपड्या ठेवून पूर्ण कोरड्या होऊ द्या. एकच मोठी बरणी भरण्यापेक्षा चार लहान भरा. मोठी बरणी रोज उघडली जाते आणि एक ओला चमचा साऱ्या वर्षाचा मोरावळा घालवू शकतो. प्रत्येक बरणीवर तारीख आणि साखरेचे प्रमाण लिहा. उघडलेली बरणी फ्रीजमध्ये ठेवा.

सोडियम बेन्झोएट किंवा पोटॅशियम मेटाबायसल्फाइट यांसारखी टिकाऊ रसायने अंदाजाने चिमूट-चिमूट घालू नका. मेटाबायसल्फाइटमुळे काही दम्याच्या रुग्णांना धाप लागू शकते. साखर, आंबटपणा आणि स्वच्छता नीट असेल तर घरच्या प्रमाणात या रसायनांची गरज पडत नाही.

मग साखर कमी करायचीच असेल तर?

करता येते, पण तेव्हा टिकवण्याचे काम दुसऱ्या कोणाला तरी द्यावे लागते.

थंडीला द्या: फ्रीझर, उणे १८ अंश. हा मधुमेहाच्या रुग्णासाठी सर्वांत सोपा मार्ग. आवळ्याच्या फोडी करून ताटात पसरून गोठवा, मग पिशवीत भरा. काही महिने चांगल्या राहतात, साखरेचा कण लागत नाही आणि क जीवनसत्त्वही बऱ्यापैकी टिकते. रोज दोन-तीन फोडी काढून चटणीत, कोशिंबिरीत किंवा वरणात घाला.

उन्हाला द्या: आवळ्याचे तुकडे पूर्ण कडक वाळवा. मात्र आवळा सुपारीत मीठ किती घालता याकडे रक्तदाबाच्या रुग्णांनी लक्ष द्यावे. थोडे मीठ आणि आले घालूनही ती चांगली होते.

फ्रीजला द्या: कमी साखरेचा मोरावळा किंवा जॅम करायचाच असेल तर एका वेळी लहान वाटीभर करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि आठ-दहा दिवसांत संपवा.

स्टीव्हिया किंवा सुक्रालोज यांसारखे गोडवा देणारे पदार्थ चव देतात, पण साखरेसारखे पाणी बांधून ठेवत नाहीत. त्यांचा मोरावळा बाहेर टिकणार नाही. तोही फ्रीजमध्येच आणि थोड्या दिवसांसाठीच.

गूळ किंवा मध घातला तर? टिकाऊपणाच्या दृष्टीने गुळाची गुणवत्ता एकसारखी नसते. मधुमेहाच्या दृष्टीने गूळ, मध आणि साखर यांत फारसा फरक नाही. तिन्हींमुळे रक्तातील साखर वाढते. "गुळाचा आहे, चालतो" ही सूट कोणीही स्वतःला देऊ नये.

कोणी किती खावे?

मधुमेह असल्यास

एक अख्खा मोरावळा पाकासह साधारण ४० ग्रॅम भरतो. त्यात सुमारे २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा लहान चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमपर्यंत, ठेवली तर आणखी चांगले. निरोगी माणसाचाही हा कोटा एका मोरावळ्यात संपतो. मधुमेहात रोज सकाळी, उपाशीपोटी, औषध समजून तो खाणे म्हणजे रोज चहाच्या कपात पाच-सहा चमचे साखर घालून पिण्यासारखे आहे.

"पण आवळा मधुमेहाला चांगला असतो ना?" आवळा चांगलाच आहे. एक मध्यम ताजा आवळा मोठ्या माणसाची दिवसभराची क जीवनसत्त्वाची गरज जवळपास भागवतो. ती गरज साधारण ६५ ते ८० मिलिग्रॅम असते. पण आवळ्यातला गुण मोरावळ्यातील साखरेला रद्द करत नाही. शिवाय शिजवताना आणि साठवताना क जीवनसत्त्वाचा काही भाग कमी होतो. तुम्हाला आवळा हवा असेल तर ताजा किंवा गोठवलेला खा. आवळा सुरू केला म्हणून मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन स्वतःहून कमी करू नका.

सणावारी मोरावळ्याची एखादी फोड जेवणासोबत खाल्ली तर आभाळ कोसळत नाही. त्या जेवणातली एखादी दुसरी गोड किंवा पिष्टमय गोष्ट कमी करा आणि साखर तपासून पाहा.

इन्सुलिन किंवा गोळ्यांमुळे साखर अचानक खूप खाली गेली, घाम, थरथर, गोंधळल्यासारखे झाले, तर ग्लुकोज किंवा तीन लहान चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. हाताशी दुसरे काही नसेल तर मोरावळ्याचा दीड मोठा चमचा पाकही चालेल. १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासा. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, ताबडतोब रुग्णालयात न्या.

रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास

इथे प्रश्न लोणच्याचा आहे. दिवसभरात एकूण ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका लहान चमच्याच्या आत मीठ असावे, अशी शिफारस आहे. बाहेर टिकणाऱ्या लोणच्यात १५ टक्क्यांच्या आसपास मीठ धरले, तर एका मोठ्या चमचाभर लोणच्यातून दोन ग्रॅमहून अधिक मीठ पोटात जाते. दिवसाचा जवळपास निम्मा कोटा. नखाएवढी फोड हा जुना बेत बरा होता. हृदयाचे पंपिंग कमी असल्याने पायावर सूज येते किंवा दम लागतो, अशा रुग्णांनी लोणचे बंदच ठेवावे.

सैंधव घातले तरी सोडियम तेवढेच असते. "लो सोडियम" मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधे चालू असतील, तर असे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते.

मूत्रपिंडाचा आजार असल्यास

कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, कोणत्याही रूपात खाऊ नका. ताजे नाही, रस नाही, लोणचे नाही, मुरंबा नाही. यात मेंदूवर परिणाम करणारा एक घटक असतो. निरोगी मूत्रपिंड तो बाहेर टाकते, आजारी मूत्रपिंडाला ते जमत नाही. न थांबणारी उचकी, उलट्या, गोंधळ, झटके अशी लक्षणे दिसू शकतात आणि जीवही जाऊ शकतो. असे झाल्यास लगेच रुग्णालयात जा आणि हे फळ खाल्ल्याचे आवर्जून सांगा. पेरूत पोटॅशियम बरेच असते, त्यामुळे तुमच्या रक्ततपासणीनुसार तो किती चालेल हे डॉक्टरांकडून किंवा आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या. मूतखडे वारंवार होत असतील तर क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका.

गरोदर असल्यास

पित्त, मळमळ यांवर मोरावळा द्यायची आपल्याकडे पद्धत आहे. साखर तपासणी सामान्य असेल तर अधूनमधून एखादी फोड खायला हरकत नाही. गर्भारपणातील मधुमेह निघाला असेल तर मात्र वरचाच हिशेब लागू होतो. माहेरहून बरणी आली तरी.

लहान मुले असल्यास

एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नका, मधातला मोरावळाही देऊ नका. मधात बोटुलिझमचे बीजाणू असू शकतात आणि बाळाच्या आतड्यात ते वाढू शकतात. मोठ्या मुलांना जॅम-जेली द्याल तेव्हा चमचाभरच द्या आणि नंतर चूळ भरायला लावा. चिकट साखर आणि आम्ल दोन्ही दातांना वाईट.

बरणी खराब झाली हे कसे ओळखावे?

झाकण फुगलेले आहे, उघडताना फस्स आवाज येतो, बुडबुडे दिसतात, दारूसारखा किंवा आंबूस वास येतो, पाक पातळ झाला आहे, वर बुरशीचे ठिपके किंवा पांढरा थर आला आहे: यांपैकी काहीही दिसले तर संपूर्ण बरणी टाकून द्या.

"वरची बुरशी काढली, खालचे चांगले आहे" असे अनेक घरांत केले जाते. बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात आणि काही बुरशी विषारी द्रव्ये तयार करतात. ती उकळूनही पूर्ण जात नाहीत. किलोभर साखर वाया गेल्याचे वाईट वाटते, हे खरे. पण घरात वयस्कर माणसे, लहान मुले, केमोथेरपी किंवा अवयव प्रत्यारोपणाची औषधे घेणारे कोणी असेल तर हा धोका अजिबात पत्करू नका. चाखून पाहणे हीसुद्धा तपासणीची पद्धत नाही. बोटुलिझमच्या विषाला वेगळी चव किंवा वास असेलच असे नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे?

घरगुती साठवणीचा पदार्थ खाल्ल्यावर उलट्या-जुलाब झाले आणि पाणी पोटात टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल, ताप किंवा शौचातून रक्त असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

डोळ्यांसमोर दोन-दोन दिसणे, पापण्या जड होऊन खाली येणे, बोलणे अडखळणे, गिळायला त्रास, मग हात-पाय गळून जाणे, ही बोटुलिझमची लक्षणे आहेत. बहुधा १२ ते ३६ तासांत सुरू होतात, कधी काही दिवसांनीही. ताप नसतो, म्हणून लोक थकवा समजून थांबतात. थांबू नका. श्वासाचे स्नायू निकामी होऊ शकतात. अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात लगेच जा. शक्य असेल तर ती बरणी पिशवीत बांधून सोबत न्या.

आणि तुम्ही मधुमेहाचे रुग्ण असाल, मागच्या महिन्या-दोन महिन्यांत एचबीए१सी वाढले असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना बरणीबद्दल न लाजता सांगा. औषध वाढवायचे की मोरावळा थांबवायचा, हे त्यावरूनच ठरेल.

या हंगामात आवळे भरपूर आले तर त्यांचे दोन भाग करा. अर्ध्यांचा मोरावळा पूर्ण साखर घालून, नीट आटवून करा. तो पाहुण्यांसाठी, मुलांसाठी आणि लेकीकडे पाठवण्यासाठी. उरलेल्या अर्ध्यांच्या फोडी करून फ्रीझरमध्ये ठेवा. त्या घरात साखर जपून खाणाऱ्यांसाठी.